भिंतींना तोंडं

भिंतींना कान असतात म्हणे.
आमच्या धरणगावच्या बंद जिनिंगच्या भिंतींना
तोंडं होती.
वर पत्रा, खाली फरशी, मधे शंभर फूट पोकळी.
एक शब्द सोडावा तर
सात जणी मिळून तो परत करायच्या,
चावून.

मी पतपेढीचा कारकून.
दिवाळीआधी बोनसची पाकिटं, माइकवर नावं.
त्या वर्षी हौसाबाई झिपरू कोळी
हे नाव तीनदा घेतलं
आणि तीनदा ते पत्र्याला लागून
औसाऔसा ईपरूरू होत खाली पडलं.
हौसाबाई चौथ्या रांगेत होती.
पाकीट परत कपाटात.
दुसऱ्या दिवशी ती आली, चपला दाराबाहेर काढून.
'मन्हं नाव कटनं का, भाऊ?'

मंडपवाल्याचा उपाय एकच: आवाज वाढवा.
वाढवला.
भिंतींनीही वाढवला.

मग लोटन मिस्तरी आला, रेडिओ दुरुस्तीवाला.
काही विचारलं नाही.
मधोमध उभा राहून एक टाळी वाजवली
आणि ती मरेपर्यंत
बोटांवर मोजत राहिला.
'चिवट से,' म्हणाला, आणि बिडी शोधू लागला.

जिनच्याच जुन्या दाराची फळी घेतली त्यानं,
माणसाएवढी उंच, दीड वीत रुंद.
तिच्यात तळहाताएवढे आठ स्पीकर,
उतरंडीसारखे एकावर एक.
मोठं एक तोंड वरखाली कुठंही ओरडतं, म्हणाला,
आठ बारकी तोंडं उभ्या रेषेत एकदम बोलली
की आवाज मांड्यासारखा पसरतो,
रुंद आणि पातळ.
पत्र्याकडे चढत नाही.

पाठीमागे पेटीच नव्हती.
मिस्तरी, काम अर्धं राहिलंय, मी म्हटलं.
राहू दे, म्हणाला.
कागद पुढं ढकलतो तेव्हाच मागं ओढतो,
फळीच्या दोन्ही बगलांना
ढकललेलं आणि ओढलेलं भेटतं.
आणि?
आणि फिटतं.
हे मात्र मला लगेच कळलं. जमा तितकंच नावे,
शिल्लक शून्य.
म्हणजे बाजूच्या भिंतींना
बोलण्यासारखं काही उरतच नाही.

मागं जायचं ते जातंच;
म्हणून फळी भिंतीपासून सहा फूट पुढं,
आणि भिंतीवर गाद्या टांगल्या, दोरीनं, वाकड्यातिकड्या.
बावीस वर्षांनी त्या जागेत कापूस आला
तो असा.
तोंड बायकांच्या रांगांकडे जरा कलतं.
लुगडी, पदर, मांडीवरची पोरं,
हे सगळं आवाज पितं म्हणे.
'भीतले काय सांगस? मानुसले सांग.'

डीजेवाला प्रवीण हसला,
दणका कुठंय?
दणका खरंच नव्हता.
उघड्या पाठीतून तो निसटून जातो,
हे मिस्तरीनंही मान्य केलं, जरा पडेल आवाजात.
नावं वाचायले कसाले दणका, असंही पुटपुटला,
पण ते नंतर.

त्या दिवाळीत मी कागद उचलला.
हात थरथरत होता, ते माइकमधूनही कळलं असेल.
कमलबाई उखा. आली.
द्वारकाबाई लोहार. आली.
हौसाबाई झिपरू कोळी.
नाव माझ्या तोंडातून निघालं आणि
परत आलंच नाही.
मी क्षणभर त्याची वाट पाहत राहिलो, सवयीनं.
तोवर चौथ्या रांगेतून 'हाव'
आणि ती उठलीसुद्धा,
गुडघ्यावर हात देऊन.

लोटन मिस्तरी फळीच्या अगदी बगलेला बसला होता,
वायरीजवळ, स्टुलावर,
स्वतःच केलेल्या शांततेत.
सगळ्या हॉलात सगळ्यांत कमी
त्याच्याच कानी पडत होतं.
संपल्यावर विचारलं, कसं वाजलं?

वायर कोपराभोवती गुंडाळत म्हणाला,
'माले काय माहीत?
हौसाबाई उठनी ना?'